आत्याचा आजार, पुतणीचं रक्त

दर्यापूर तालुक्यात कॅन्सर कशानं होतो असं विचारलं, की दोन उत्तरं तयार असतात : खारं पाणी आणि फवारणी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या माणसाला ही शंका येणारच. पण अंडाशयाच्या कॅन्सरपुरता आजवरचा सर्वांत भक्कम पुरावा रक्तातून आलेला आहे.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये स्तनाचा कॅन्सर वारंवार होणारी घराणी तपासून सतराव्या गुणसूत्रावर एका जनुकाचा ठावठिकाणा दाखवला. १९९४ मध्ये तो हाती लागला, बीआरसीए-१. पुढच्या वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचा बीआरसीए-२. तुटलेला डीएनए सांधणं हे दोघांचं काम. पहिल्यात बिघाड असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या घरात, दुसऱ्यात १७. एरवी ती एक-दीड टक्का. टाटा रुग्णालयाचे डॉ. सुदीप गुप्ता आणि इतर केंद्रांतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये भारतीय रुग्णांचे आकडे मांडले, तेव्हा साधारण दर चौघींमागे एकीत हा बिघाड सापडला.

हा बिघाड बापाकडूनही येतो, आणि आपल्याकडे घोडं अडतं ते इथंच. पोटात पाणी झालेली बाई गावातून अमरावतीला, तिथून नागपूरच्या तुकडोजी रुग्णालयात जाते, नाहीतर मुंबईला टाटात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम टाकून. डॉक्टर वंशावळ काढायला बसतात : बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. घरात कोणाला होतं का, या प्रश्नाला उत्तर येतं, ‘आमच्या घरी कोनालेच नाही बाप्पा.’ ते घर सासरचं असतं! माहेरची आत्या ‘पोटाच्या गोळ्यानं’ गेली हे तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला निघतं, आणि आत्या नि पुतणी यांच्यामधला चौकोन, म्हणजे बाप, ठणठणीत असतो.

हा बिघाड पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या घराण्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दर महिन्याला बीज सुटताना अंडाशयाला इजा होते आणि तिथून रोग उठतो, असा तर्क १९७१ मध्ये मांडला गेला होता. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी घराण्यात धोका असलेल्या बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भनलिका बारकाईनं तपासल्या, तर बिघडलेल्या पेशी नलिकेतच दिसल्या. सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार बहुधा नलिकेतून निघून अंडाशयावर जाऊन बसतो, असं आता मानलं जातं. म्हणून मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर पस्तिशी-चाळिशीत, नलिका आणि अंडाशय दोन्ही काढण्याचा सल्ला देतात.

एकाच जनुकावर खापर फुटतं तिथं हे सोपं. बाकीच्या बायकांचं काय? त्यासाठी २००३ पासून ब्रिटनच्या जॉर्ज डेव्ही स्मिथ यांनी एक पद्धत पुढे नेली. कोणतं जनुक कोणाच्या वाट्याला यावं हे गर्भधारणेच्या वेळी ईश्वरचिठ्ठीनं ठरतं. तिथं श्रीमंती, आहार, व्यसन यांची लुडबूड नसते. त्यामुळे एखाद्या गोष्टीकडे झुकवणारी जनुकं असलेल्या बायकांत कॅन्सर जास्त निघाला, तर त्या गोष्टीवरचा संशय बळावतो. २०१९ मध्ये अशा तपासणीत एंडोमेट्रिऑसिसवर, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारावर, बोट ठेवलं गेलं. २०२० मध्ये ज्या विकराला स्टॅटिन गोळ्या अडवतात, तोच जन्मतः मंद असलेल्या बायकांत धोका कमी दिसला. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या इतर जनुकांत तसं काही दिसलं नाही, म्हणजे कारण नुसतं रक्तातलं कोलेस्टेरॉल नसावं. (यावरून कोणी गोळ्या सुरू करू नयेत. हा सुगावा आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे.)

या अभ्यासांना पंचवीस हजारांवर रुग्णांची माहिती मिळाली, पण त्या बहुतेक युरोपीय वंशाच्या. आणि विहिरीचं पाणी खारं असणं कोणाच्या जनुकात लिहिलेलं नसतं, पाठीवर पंप घेणंही नसतं. खारपाणपट्ट्याच्या शंकेला ही पद्धत हो म्हणत नाही आणि नाहीही. त्यासाठी कोणत्या शिवारात कोणतं औषध किती वर्षं फवारलं, याची नोंद रुग्णाच्या नावाशी जोडावी लागेल. आज ती असलीच तर कृषी सेवा केंद्राच्या बिलबुकात आहे, केसपेपरवर तिला रकाना नाही.