कर सल्लागाराकडची नोकरी : ऐकीव गोष्टी आणि खरी परिस्थिती

‘शेतीला कर नाही, मग आपल्याकडे कर सल्लागाराला काम काय?’ गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगड, गोठणगाव, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना हा प्रश्न बहुधा घरातूनच ऐकावा लागतो. प्रश्नाचा पहिला भाग बरोबर आहे. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. पण घरात कोणाला पगार असेल किंवा दुकानाची कमाई करमर्यादेच्या वर जात असेल, आणि त्याच व्यक्तीचे शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर त्या दुसऱ्या कमाईवरच्या कराचा दर ठरवताना शेतीही हिशेबात धरली जाते. म्हणजे शेतीवर कर नसला तरी शेतकरी कुटुंबाला हिशेब चुकत नाही.

धान बांधावरून गिरणीत गेले की कराचा प्रवास सुरू होतो. सुटा तांदूळ जीएसटीमुक्त आहे. तोच तांदूळ २५ किलोपर्यंतच्या पिशवीत भरून वर लेबल लावले की ५ टक्के जीएसटी लागतो. १८ जुलै २०२२ पासून हा नियम आहे. त्याआधी पिशवीवर ब्रँड आहे की नाही हे पाहिले जाई. गोंदिया जिल्ह्यात राईस मिल किती आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या एका नियमामागे किती बिले आणि किती शंका असतील हे सांगायला नको. तेंदूपानाचे गणित आणखी वेगळे. शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने पाने घेतली, तर जीएसटी विकणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा. ग्रामपंचायतीने अडीच लाखांपेक्षा मोठ्या करपात्र कामाचे कंत्राट दिले की बिलातून २ टक्के जीएसटी कापून पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत त्याचे विवरणपत्र भरायचे, आणि आयकराचा टीडीएस त्याशिवाय.

प्रतापगडाजवळच नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. थंडीत स्वेटर विकणे हा देशभरातल्या तिबेटी वसाहतींमधल्या अनेक कुटुंबांचा हंगामी धंदा. आता समजा, इथल्या एखाद्या विक्रेत्याने नागपुरात दुकान मांडले. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण त्याच विक्रेत्याने हंगामापुरते मध्य प्रदेशात दुकान लावले, तर उलाढाल कितीही लहान असली तरी तिथे आधी नोंदणी करायची, अंदाजे होणारा कर आगाऊ भरायचा, आणि ही नोंदणी जास्तीत जास्त ९० दिवसांची. पुढे मुदत वाढवून घ्यावी लागते. हे वेळेवर सांगणारा माणूस भेटला नाही तर हंगामाची कमाई दंडात जाऊ शकते.

धान, तेंदूपान, ग्रामपंचायत आणि स्वेटर, इतके वेगवेगळे हिशेब तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका छोट्या ऑफिसात हाताखालून जातात. माझ्या मते या नोकरीचा सर्वांत मोठा फायदा हाच. महानगरातल्या बड्या फर्ममध्ये नवख्याच्या वाट्याला पुष्कळदा एकाच प्रकारचे काम येते. इथे दोन-तीन वर्षांत धंदा कसा चालतो हे कळते.

‘सीए नसेल तर या क्षेत्रात नुसती कारकुनी’ हाही पक्का बसलेला समज. करासाठीच्या लेखापरीक्षण अहवालावर सही फक्त सीएची चालते, हे खरे. पण वाणिज्य पदवीधराला आयकर अधिकाऱ्यासमोर करदात्याचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून उभे राहता येते. वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी असेल तर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठीची परीक्षा मात्र उत्तीर्ण व्हावी लागते. उलट बाजूही नीट समजून घ्या. सीए व्हायचे असेल तर आर्टिकलशिप प्रॅक्टिस करणाऱ्या सीएकडेच करावी लागते. १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे. सीए नसलेल्या कर सल्लागाराकडे पाच वर्षे काढली तरी त्यातला एक दिवसही आर्टिकलशिपमध्ये धरला जात नाही. हे उशिरा कळले तर उमेदीची वर्षे हातची जातात.

काम फक्त जुलैत असते, असे म्हणणाऱ्याने एकदा त्या ऑफिसची दिनदर्शिका पाहावी. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी, असे दर महिन्याला. ३१ जुलैला पगारदारांची विवरणपत्रे, ३० सप्टेंबरला लेखापरीक्षण अहवाल, ३१ ऑक्टोबरला लेखापरीक्षण लागणाऱ्यांची विवरणपत्रे. मुदतवाढ मिळते, पण पुष्कळदा अगदी शेवटी. २०२५ मध्ये तर १५ सप्टेंबरची वाढीव मुदत संपता संपता आणखी एक दिवस वाढवून मिळाला. दिवाळी आणि धानकापणी नेमकी याच गर्दीत येते. घरची शेती असलेल्याने ही अडचण आधीच घरच्यांना सांगून ठेवावी.

पोर्टलवर आकडे आधीच भरून येतात, मग माणूस कशाला? आकडे जुळत नाहीत तेव्हा लागतो, आणि ते वारंवार जुळत नाहीत. शिवाय १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला. कलमांचे क्रमांक बदलले, ‘कर निर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आले. जुन्या-जाणत्यांनाही पुन्हा वाचावे लागणार आहे, आणि नव्याने शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली वेळ नाही.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘साहेब सांगतील ते भरायचे, जबाबदारी त्यांची.’ १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणारे मध्यस्थ त्यांच्या निशाण्यावर होते. भरमसाट विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ईमेल उघडायचे आणि काम झाले की सोडून द्यायचे, ही या मध्यस्थांची पद्धत. खोटे विवरणपत्र भरायला मदत करणे हाही कायद्याने गुन्हा आहे, आणि नोकरी ही त्यावरची ढाल नाही.

पगाराबद्दल स्पष्टच लिहितो. सुरुवातीला तो कमी असतो, आणि छोट्या ऑफिसात जादा तासांचे पैसे क्वचितच मिळतात. मोठ्या फर्ममध्ये पैसा बरा, पण तिथल्या ताणाची चर्चा २०२४ मध्ये पुण्यातल्या एका तरुण सीएच्या मृत्यूनंतर साऱ्या देशाने केली. शिकण्याच्या नावाखाली माणसाला रात्र-रात्र राबवणे चूक आहे, मग ऑफिस अर्जुनीतले असो की पुण्यातले.

नोकरी धरण्याआधी पगार आणि सुट्टी लेखी घ्या. विवरणपत्र नुसते टंकायला देणार की नोटिसीचे उत्तर लिहायलाही शिकवणार, हे विचारा. ग्राहकाच्या खात्यावर आपला मोबाईल क्रमांक किंवा ईमेल टाकू देऊ नका. आणि जिथे फी रिफंडच्या टक्केवारीवर ठरते, त्या ऑफिसात जाऊ नका.