टर्कीची शिकार आणि खांद्याचा हिशेब

शिकारीचा विषय आपल्या मंडळाच्या अंकात पाहून काहींच्या भुवया उंचावतील. पण अमेरिकेत वाढलेली आपली काही मुले वसंत ऋतूत मित्रांबरोबर टर्कीच्या शिकारीला जाऊ लागली आहेत आणि क्वचित आईवडीलही त्यांच्यासोबत निघतात. शिकार करावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. करायचीच असेल तर नीट करावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

टर्कीवर नेम धरतात तो डोक्यावर आणि मानेवर. अंगावर जाड पिसे आणि स्नायू असतात. तिथे छर्रे लागले तर पक्षी जखमी होऊन पळतो आणि रानात तडफडत राहतो. म्हणजे लक्ष्य अगदी लहान. बंदुकीच्या धक्क्याची धास्ती असेल तर चाप ओढताना डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नेम हलतो. शिवाय ही शिकार झाडाला पाठ टेकून बसून करतात. उभे असताना शरीर धक्क्याबरोबर थोडे मागे झुकते. बसल्यावर ती सोय राहत नाही.

मुलासाठी किंवा पत्नीसाठी बंदूक घेताना आपण साहजिकच हलकी बंदूक शोधतो. इथे न्यूटन आडवा येतो. छर्र्यांना पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच बंदुकीला मागे मिळतो. काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन निम्मे केले, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. उलट बंदूक आणि वेग तोच ठेवून छर्र्यांचे वजन निम्मे केले, तर ऊर्जा चौथाईवर येते. तेव्हा निवडीची सुरुवात काडतुसापासून करावी.

आता बोअर म्हणजे काय ते पाहू. नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी पौंडाचा बारावा भाग भरली, तर ती बंदूक बारा बोअरची. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. ४१० मात्र अपवाद आहे. तो नळीचा व्यास, ०.४१० इंच.

बारा बोअरच्या टर्कीच्या एका नेहमीच्या काडतुसात पावणेदोन औंस, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम छर्रे असतात. वेग सेकंदाला १२०० फूट आणि बंदूक ७ पौंडांची धरली, तर धक्क्याची ऊर्जा साधारण ५२ ज्यूल येते. ४१० च्या काडतुसात २३ ग्रॅम छर्रे, वेग ११०० फूट आणि बंदूक ६ पौंडांची धरली, तर ती ११ ज्यूल. दारूचे वजन धरले की दोन्ही आकडे वाढतात, पण प्रमाण साधारण तेच राहते: एकास पाच.

मग इतक्या कमी छर्र्यांनी काम भागते कसे? उत्तर टंगस्टनमध्ये आहे. शिशाची घनता ११, तर टर्कीच्या काडतुसांतील टंगस्टन मिश्रधातूची सुमारे १८. छर्रा हवेत वेग किती टिकवतो, हे मुख्यतः घनता आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरते. शिशाचा ५ नंबरचा छर्रा ३ मिलिमीटरचा: गुणाकार ३३. टंगस्टनचा ९ नंबरचा २ मिलिमीटरचा: गुणाकार ३६. दोघे जवळपास सारखेच. आणि २३ ग्रॅम टंगस्टनमध्ये असे सुमारे २९० छर्रे मावतात, जवळजवळ तितकेच जितके ५० ग्रॅम शिशात. ही काडतुसे महाग असतात खरी, पण सराव स्वस्त आणि सौम्य काडतुसांवर करता येतो.

ज्यांना एकच बंदूक अनेक कामांना हवी, त्यांनी वीस बोअरची, वायूच्या दाबावर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक पाहावी. तिच्यात धक्का अधिक वेळात विभागला जातो, म्हणून खांद्याला कमी जाणवतो. दस्ता हाताच्या मापाचा असावा आणि त्याच्या टोकाला चांगली रबरी गादी असावी.

यानंतर कागदावर चाचणी केलीच पाहिजे, आणि ती शिकारीला नेणार त्याच काडतुसाने. ४० यार्डांवर १० इंची वर्तुळात किमान १०० छर्रे पडावेत, असा शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे. तेवढे पडत नसतील तर नळीच्या टोकाचा चोक बदलावा, किंवा पक्षी ३० यार्डांवर येईपर्यंत थांबावे.

घरात बारा आणि वीस बोअरच्या दोन्ही बंदुका असतील, तर काडतुसे कधीही एकत्र ठेवू नयेत. वीसचे काडतूस बाराच्या नळीत अडकते आणि त्यामागे बाराचे भरून चाप ओढला तर नळी फुटते. वीसची काडतुसे पिवळी करतात ती यासाठीच. रानात लाल, पांढरे किंवा निळे कपडे घालू नयेत; नर टर्कीच्या डोक्याचे रंग हेच असतात आणि दुसरा शिकारी फसू शकतो.

कोणते बोअर आणि किती बारीक छर्रे चालतात, हे राज्याराज्यांत वेगळे असते. त्या वर्षीचे नियम वाचावेत. तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदुकीबाबत कडक बंधने आहेत. त्यांनी बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारावे.