नकाशावरचे स्टेशन

पायदळाचा शिपाई शत्रूच्या हाती सापडतो तो बहुधा आपल्या तुकडीसमवेत आणि शत्रू दृष्टीसमोर असताना. लढाऊ वैमानिक मात्र, क्षणापूर्वी जी भूमी त्याला केवळ नकाशातील रेषा आणि रंग यांच्या रूपाने भासत होती, त्याच भूमीवर छत्रीच्या दोऱ्यांना लोंबकळत, एकटा आणि पुष्कळदा जखमी होऊन, ज्यांच्यावर बाँब टाकावयास तो आला होता नेमक्या त्यांच्याच घोळक्यात उतरतो. अशा वेळी लष्कराची गाडी लवकर येऊन पोहोचली, तर ते त्याचे भाग्यच म्हणावयाचे.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर १० डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम आघाडीवर असेच खाली आले. १९६५च्या युद्धात हाताला गोळी लागली असतानाही त्यांनी आपले विमान सुखरूप परत आणले होते. या वेळी मात्र सुखोई-७ सोडून देणे प्राप्त झाले. रावळपिंडीतील पाकिस्तानी वायुदलाच्या बंदिस्थानात त्यांची रवानगी झाली, आणि तेथे हळूहळू डझनभर भारतीय वैमानिक एकत्र आले. विंग कमांडर कोएल्हो हे त्यांतील ज्येष्ठ. बंदिस्थानाचे अधिकारी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद हे स्वतः वायुदलातले असल्यामुळे म्हणा किंवा स्वभावाने म्हणा, कैद्यांशी सभ्यपणे वागत.

१९४९च्या जिनिव्हा कराराने युद्धकैद्याचा सारा दिनक्रमच कलमांत बांधून टाकला आहे. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातील क्रमांक यांपलीकडे काही सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. मेजरच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला दरमहा ५० स्विस फ्रँक इतकी आगाऊ रक्कम मिळावी. आणि पळून जाताना तो पकडला गेला, तर त्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा द्यावी, तीही ३० दिवसांहून अधिक नको. पळण्याचा प्रयत्न हे सैनिकाचे कर्तव्यच होय, हे ज्या शत्रूच्या कैदेतून पळावयाचे त्यानेही मान्य करावे, हा या करारातील मला सर्वांत सुसंस्कृत वाटणारा भाग आहे. शत्रुत्व थांबल्यावर कैद्यांना अविलंब सोडावे, असेही कलम त्यात आहे. पण १७ डिसेंबरला तोफा थांबल्या तरी नव्वद हजारांहून अधिक पाकिस्तानी युद्धकैदी भारतात होते, आणि दोन्ही राज्यांच्या वाटाघाटींत हे मूठभर वैमानिकही अडकून राहिले.

आकाशात ज्याला सेकंदाच्या अंशात निर्णय घ्यावा लागतो, त्याच्यापुढे महिनेच्या महिने रिकामे पडले, म्हणजे तो काय करणार? पत्ते, वाचन, गप्पा, घरच्या पत्राची वाट. परुळकरांनी तर कैदेत पडलोच तर पळून येईन, असे आधीच बोलून ठेवले होते. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे दोघे सहबंदी वैमानिक त्यांना मिळाले. खोलीची भिंत आतून विटाविटांनी, स्क्रूड्रायव्हर आणि कात्रीसारख्या फुटकळ हत्यारांनी पोखरावयाची आणि बाहेरचा गिलावा अखेरपर्यंत शाबूत ठेवावयाचा, अशी तजवीज ठरली. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र झाले. वैमानिकाच्या दाबरोधक पोशाखातून पाण्याची पिशवी निघाली. आणि नकाशाचे काम एका शालेय ॲटलासने केले. भारताची सीमा जवळ असूनही तिकडचा बंदोबस्त कडक, म्हणून वाट ठरली ती पेशावर आणि खैबर खिंडीवरून अफगाणिस्तानची.

१२ ऑगस्ट १९७२ची मध्यरात्र उलटून गेल्यावर, वादळी पावसाची संधी साधून, तिघेही बाहेर पडले. बसने पेशावर आणि पुढे जमरूद असे करीत, आपण पाकिस्तानी वायुदलातले ख्रिस्ती आहोत अशी बतावणी करीत, ते १३ तारखेच्या सकाळीच लंडी कोतलला पोहोचले. सीमा आता चार-पाच मैलांवर राहिली होती. तेथे त्यांनी पुढच्या लंडी खाना स्टेशनची वाट विचारली. ॲटलासमध्ये ते स्टेशन होते. प्रत्यक्षात तेथवरची रेल्वे १९३२ सालीच बंद झाली होती. चाळीस वर्षे जेथे गाडी गेली नाही, तेथे जाऊ पाहणारे हे परके कोण, ही शंका तहसील कचेरीतील माणसाला आल्यावाचून कशी राहावी? वरून देश पाहणाऱ्याला कागद पुरतो. रस्त्यावरच्या माणसाला जे उपजत ठाऊक असते ते कागदावर नसते. तिघांचे धाडस अणुमात्र कमी पडले नाही, कमी पडली ती ही गावगन्ना माहिती.

तिघे पकडले गेले. हेर समजून आपल्याला जागच्या जागी संपवतील, हे भय खरे होते. परुळकरांनी तहसीलदाराकडे एकच मागणी लावून धरली, ती टेलिफोनची. उस्मान हमीद तोवर वायुदलप्रमुखांचे एडीसी झाले होते. त्यांच्याशी बोलणे होताच, हे आमचेच कैदी, यांना धक्का लावू नका, असा निरोप आला, आणि पोलिटिकल एजंट बर्की यांनी तिघांना सांभाळून परत धाडले. पळालेल्यांना एकांतवास भोगावा लागला. पुढे साऱ्यांनाच लायलपूरच्या तुरुंगात हलविण्यात आले, आणि तेथूनच १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा ओलांडून ते स्वदेशी परतले. परुळकर ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले व पुण्यात राहिले.