रिपोर्ट नॉर्मल

ऑगस्ट 2025 मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या ‘डीकोडएमई’ प्रकल्पाचे निष्कर्ष आले. क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या पंधरा हजारांहून जास्त रुग्णांची जनुकं तपासली, त्यांत आठ ठिकाणी फरक सापडला. पुण्याहून नणंदेचा फोन: “वहिनी, म्हणजे हा खरंच आजार आहे तर!” आनंदानेच म्हणाली, पण मला ते लागलं. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये याच आजारानं मी अंथरूण धरलं त्याला दशक उलटून गेलंय.

आधीचा इतिहास थोडक्यात. 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळजवळ तीनशे जण, बहुतेक कर्मचारीच, अशाच लक्षणांनी आजारी पडले. 1970 साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून त्याला सामूहिक उन्माद ठरवलं. 1988 साली अमेरिकेत या आजाराला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हे नाव पडलं.

माझं दशक 2011 ते 2021. त्याच्या सुरुवातीलाच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या आजाराच्या उपचारांची ‘पेस’ नावाची चाचणी छापून आली: समुपदेशनानं आणि हळूहळू वाढवलेल्या व्यायामानं रुग्ण सुधारतात म्हणे. माझं थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, सगळं नॉर्मल. कागदावर ‘नैराश्य’ लिहिलं गेलं आणि हातात तक्ता आला: या आठवड्यात पाच मिनिटं चाला, पुढच्या आठवड्यात सात. चालताना काही व्हायचं नाही. दोन दिवसांनी अंग असं गळायचं की कमोडच्या झाकणावर बसून दात घासायचे, तेही ब्रशचा हात दुसऱ्या हातानं उचलून धरत. श्रमानंतर उशिरा येणारी ही पडझड हीच या आजाराची मुख्य खूण. नेहमीच्या रक्ततपासणीत ती दिसत नाही, रुग्णाला विचारावं लागतं. मला कुणी विचारलं नाही. तक्त्यात ‘झेपलं नाही’ लिहायला रकानाच नव्हता.

त्याचा राग अजून आहे, आणि तो मी सोडणार नाही. पेसची आकडेवारी मागणाऱ्या रुग्णांना त्रासदायक ठरवलं गेलं. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलेम मॅथीस या रुग्णानं माहितीच्या अधिकाराखाली लढून 2016 मध्ये ती खुली करून घेतली. चाचणीच्या मूळ निकषांवर मोजल्यावर ‘बरे झालेल्यां’चा आकडा घसरला.

ऑक्टोबर 2021 मध्ये ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेनं तो हळूहळू वाढवायचा व्यायाम उपचारांतून काढला. लक्षणं सहा आठवडे टिकली तर संशय घ्या, तीन महिन्यांनी निदान करा, असं डॉक्टरांना सांगितलं. त्याच हिवाळ्यात एका नव्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, “दमल्यानंतर परवा काय होतं?” निदान झालं. मधली वर्षं मात्र गेली, नोकरीसकट.

आणि पुण्यात, नाशकात कोविडनंतर ज्यांना उठवत नाही अशी तरुण मुलं आजही ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून घरी येतात, आणि घरचे त्यांना पहाटे सूर्यनमस्काराला उठवतात.