एकच खोली, एकच दिवा : अभ्यासही आणि झोपही

सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसे राहतात, तेव्हा दिवा कधी लावावा आणि कधी विझवावा, हा प्रश्न साधा राहत नाही. एकाला उजेड हवा असतो, त्याच वेळी दुसऱ्याला अंधार हवा असतो. मोठ्या घरात माणूस उठून दुसऱ्या खोलीत जातो. आपल्या घरात जाणार कुठे? जिन्यावर!

आमच्याच मजल्यावर २०२४ च्या डिसेंबरात हेच घडले. शेजारचे भाऊ बसवर चालक आहेत. पहिल्या पाळीची ड्यूटी असली की पहाटे साडेतीनला उठावे लागते, म्हणून रात्री साडेआठ-नऊला आडवे व्हावे लागते. त्यांची थोरली मुलगी बारावीला होती. तिचा खरा अभ्यास सुरू होई तो भांडी आवरल्यावर, नऊ वाजता. खोलीच्या मधोमध एक ट्यूबलाइट. ती लावली की बापाच्या डोळ्यावर उजेड, विझवली की पोरीच्या वहीवर अंधार. काही दिवस बाप तोंडावर टॉवेल टाकून झोपला. मग एका रात्री बोलाचाली झाली आणि पोरगी चटई व पुस्तके घेऊन जिन्यावर जाऊन बसली. आम्ही समाजाच्या कामावरून रात्री साडेअकराला घरी येत होतो, तर पोर पायरीवर भिंतीला टेकून झोपलेली, पुस्तक मांडीवर उघडे. वर जिन्यात ये-जा करणाऱ्यांत कोण चांगले, कोण पिऊन आलेले, याचा नेम नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चार ठिकाणी फिरता, तुम्हीच काहीतरी सांगा. ह्यांची झोप मोडली तर गाडी चालवायची आहे, शंभर माणसांचा जीव हातात असतो. आणि पोरीचं वर्ष गेलं तर?"

दोन्ही बाजू खऱ्या होत्या. आम्ही म्हटले, उजेड कमी-जास्त करता येईल असे काहीतरी बसवू.

आमची पहिली चूक

आम्ही लगेच बाजारात गेलो. एक डिमर घेतला, म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखे बटण असलेला. सोबत नेहमीचा ९ वॅटचा एल.ई.डी. बल्ब घेतला आणि ओळखीच्या माणसाकडून बोर्डात बसवून घेतले. बटण फिरवले. बल्ब थोडा मंदावला, मग लुकलुकायला लागला, त्यातून भुंग्यासारखा आवाज येऊ लागला. भाऊ हसून म्हणाले, "यापेक्षा ट्यूब बरी होती." आठ दिवसांत बल्ब गेला. वहिनींचे साडेतीनशेच्या वर पैसे गेले आणि आमची मान खाली गेली.

कचेरीत प्रत्येक कागदाची शेवटची ओळ वाचल्याशिवाय आम्ही पुढे सरकवत नाही. पण बल्बच्या खोक्यावरची बारीक ओळ आम्ही वाचली नव्हती. तिथे स्पष्ट लिहिले होते की हा बल्ब डिमरवर वापरू नये.

असे का होते?

आमच्या वस्तीतला आय.टी.आय. झालेला एक वायरमन पोरगा आहे. त्याने आम्हाला समोर बसवून जे सांगितले, ते सर्वांना उपयोगी आहे म्हणून येथे देतो.

आपल्या घरची वीज २३० व्होल्टची असते आणि एका सेकंदात ५० वेळा मागे-पुढे होते. म्हणजे सेकंदाला शंभर लहान लाटा येतात असे समजा. डिमर काय करतो, तर प्रत्येक लाटेचा थोडा तुकडा कापून टाकतो. जुना तारेचा पिवळा बल्ब असे तेव्हा हे चालून जाई, कारण तापलेली तार एवढ्या थोड्या वेळात थंड होत नाही. वीज कमी मिळाली की ती कमी तापते, उजेड आपोआप मंद होतो.

एल.ई.डी. बल्बमध्ये तार नसते. आत एक लहान सर्किट असते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. साध्या बल्बच्या ड्रायव्हरचे कामच असे की, बाहेरची वीज कमी-जास्त झाली तरी उजेड सारखा ठेवावा. डिमर म्हणतो कमी कर, ड्रायव्हर म्हणतो करणार नाही. या ओढाताणीत बल्ब लुकलुकतो, तापतो आणि लवकर मरतो. डिमेबल बल्बचा ड्रायव्हर निराळा असतो. कापलेली लाट ओळखून तो त्या प्रमाणात उजेड उतरवतो.

तेव्हा पहिला नियम : खोक्यावर ‘डिमेबल’ असे लिहिलेले असेल तरच तो बल्ब डिमरवर लावावा. लिहिलेले नसेल तर नाही असेच समजावे. साधी एल.ई.डी. ट्यूब, लोडशेडिंगमध्ये चालणारा बॅटरीचा बल्ब आणि मोबाइलवरून चालणारा बल्ब हे तिन्ही डिमरवर लावू नयेत. आणि पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडण्याचा उद्योग तर कोणीच करू नये.

दुसरी अडचण डिमरची

आम्ही डिमेबल बल्ब आणला. जुन्याच डिमरवर लावला. पूर्ण उजेडात ठीक चालला, पण बटण निम्म्याखाली नेले की फडफडायचा आणि एकदम विझायचा. पुन्हा त्या पोरालाच बोलावले.

त्याने डिमर काढून मागची बाजू दाखवली. तो तारेच्या बल्बांसाठी केलेला होता. असे डिमर नीट चालायला त्यांच्यावर ठरावीक वॅटचा किमान भार लागतो. चाळीस-साठ वॅटच्या बल्बच्या काळात तो सहज मिळे. ९ वॅटचा एकटा बल्ब त्याला पुरत नाही. शिवाय जुन्या पद्धतीचा डिमर लाटेचा पुढचा भाग कापतो, तर एल.ई.डी.साठी केलेले बहुतेक चांगले डिमर मागचा भाग कापतात. त्याने बल्बच्या ड्रायव्हरला धक्का कमी बसतो आणि आवाजही कमी येतो. दुकानात त्याला ‘ट्रेलिंग एज’ म्हणतात. आपण एवढेच विचारावे : "हा डिमर एल.ई.डी.साठी आहे का, आणि कमीत कमी किती वॅटवर चालतो?" दुकानदाराला सांगता आले नाही तर खोक्यावर पाहावे. तिथेही नसेल तर दुसरे दुकान गाठावे.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. डिमरवर ४०० वॅट लिहिले असले तर तो आकडा बहुधा तारेच्या बल्बचा असतो. एल.ई.डी.साठी मर्यादा पुष्कळ कमी असते आणि ती वेगळी दिलेली असते.

शेवटी एल.ई.डी.चा डिमर बसला. त्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू होता. बटण सर्वांत खाली ठेवून तो स्क्रू फिरवायचा आणि बल्ब फडफडणार नाही अशा जागी ठेवायचा. प्रत्येक डिमरला असा स्क्रू नसतो, पण असेल तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

बल्ब घेताना काय पाहावे?

वॅट हा उजेडाचा आकडा नाही, तो वीज किती खाणार याचा आकडा आहे. उजेड मोजतात तो ल्युमेनमध्ये. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० ल्युमेन उजेड देई. तेवढाच उजेड ९ वॅटच्या आसपासचा एल.ई.डी. देतो.

दुसरी गोष्ट रंगाची. खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिले असेल तर उजेड पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ४००० के म्हणजे मधला. ६५०० के म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे पांढऱ्याचीच आवड फार, पिवळा उजेड म्हणजे गरिबीचा असे लोकांना वाटते. पण रात्री झोपेच्या वेळी निळसर पांढरा प्रखर उजेड शरीराला दिवस असल्याचा भास देतो आणि झोप लांबवतो. झोपायच्या खोलीत मंद करायचा दिवा पिवळसरच असावा. एवढे मात्र लक्षात असू द्या की तारेचा बल्ब मंद केला की आणखी पिवळा होई, तसा साधा डिमेबल एल.ई.डी. होत नाही. रंग तोच राहतो, उजेड तेवढा उतरतो.

तिसरे म्हणजे खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. रस्त्यावरचा बिनखोक्याचा बल्ब घेऊन हमीसाठी कोणाच्या दारात उभे राहणार? पावती घ्यावी आणि ती खोक्यात जपून ठेवावी.

शक्य असेल तर दुकानातच बल्ब आणि डिमर एकत्र जोडून पाहावे. बटण अगदी खाली न्यावे, कान देऊन आवाज येतो का ऐकावे, आणि मोबाइलचा कॅमेरा बल्बपुढे धरावा. पडद्यावर काळे पट्टे जोरात सरकताना दिसले तर बल्ब लुकलुकतो आहे असे समजावे.

बसवताना

हे काम घरच्या घरी करू नये, वायरमनकडूनच करून घ्यावे. पण काम नीट होते की नाही हे आपल्याला कळले पाहिजे. आधी एम.सी.बी. म्हणजे मेन बंद करावी, मग टेस्टरने खात्री करावी. नुसते दिव्याचे बटण बंद करून भागत नाही. डिमर फेजच्या तारेवर बसला पाहिजे, न्यूट्रलवर नाही. न्यूट्रलवर बसवला तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज जिवंत राहते आणि बल्ब बदलताना झटका बसतो. बऱ्याच डिमरमधून बटण बंद केल्यावरही किंचित वीज झिरपते, म्हणून बल्ब बदलतानाही मेन बंदच असावी. एल.ई.डी. बल्ब बंद काचेच्या हंडीत कोंडू नये, उष्णतेने त्याचे आयुष्य घटते.

डिमर नकोच असेल तर

भाड्याची खोली असेल, बोर्ड उघडायचा नसेल, तर दुसरी सोय आहे. बाजारात असे बल्ब मिळतात की बटण बंद करून लगेच पुन्हा लावले की उजेड एक पायरी उतरतो. पूर्ण, मधला आणि अगदी मंद अशा तीन पायऱ्या. त्याला डिमर लागत नाही, साध्या होल्डरमध्ये बसतो. घेताना मात्र विचारून घ्यावे, कारण काही बल्बांत पायरीने उजेड नाही, रंग बदलतो. खरे सांगायचे तर अनेक घरांना हाच बल्ब पुरेसा आहे. आम्हाला हे आधी ठाऊक असते तर वहिनींचा खर्च वाचला असता.

हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेब दिल्याशिवाय राहवत नाही. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट होतात. ९ वॅटचा एल.ई.डी. तेवढाच लावला तर १.३५ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर ७२ रुपयांच्या जागी १० रुपये ८० पैसे. मोठी बचत येथे आहे. त्यानंतर डिमरने उजेड निम्मा केला तर आणखी पाच-साडेपाच रुपये वाचतील, जास्त नाही. एल.ई.डी.चा डिमर आम्हाला ६५० रुपयांना पडला. तेव्हा वीजबिल वाचावे म्हणून डिमर घेऊ नये. तो घ्यावा झोपेसाठी आणि घरातल्या शांततेसाठी.

शेवटी काय जमले?

नुसत्या मंद दिव्यानेही प्रश्न सुटला नसता. मंद उजेडात वाचले तर डोळ्यांवर ताण येतो, डोके दुखते. म्हणून मुलीसाठी कोपऱ्यात फळीला चिमट्याचा टेबललॅम्प लावला. ५ वॅटचा, उजेड फक्त वहीवर पडेल असा खाली वळवलेला. तिची बसण्याची जागा बदलून पाठ बापाच्या अंथरुणाकडे केली, म्हणजे उरलेला उजेड तिच्या अंगानेच अडतो. आणि मधला दिवा अगदी मंद ठेवला. तो पूर्ण का विझवत नाही? भोवती मिट्ट काळोख आणि वहीवर एकच झोत असला तर डोळे लवकर थकतात. शिवाय रात्री म्हातारी उठली तर तिला पाय ठेवायला जागा दिसते.

एकंदर खर्च १,६३० रुपये झाला. त्यातले ३७० रुपये आमच्या अज्ञानाचे. ते आम्ही वहिनींना देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, ते तुम्ही लिहून टाका, म्हणजे दुसऱ्या कोणाचे जाणार नाहीत." म्हणून हा लेख.

पोरगी बारावी पास झाली. डिमरमुळे झाली असे आम्ही म्हणणार नाही, ती तिच्या मेहनतीने झाली. पण जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत तिला जिन्यावर बसावे लागले नाही, आणि भाऊंनी तोंडावर टॉवेल टाकला नाही.

वाचकहो, आज रात्री आपल्या इमारतीचा जिना एकदा चढून पाहा. तिथे कोणाचे पोर पुस्तक घेऊन बसलेले दिसले तर त्याला "शाब्बास" म्हणून पुढे जाऊ नका. त्याच्या घरी जा, आईबापांशी बोला. घरात एखादा कोपरा आणि एक दिवा निघतो का, ते त्यांच्यासोबत बसून पाहा. बहुतेक वेळा निघतो.