'झोपलो', 'झोप लागली', 'झोप आली' : विश्रांतीचे इंग्रजी शब्द कसे निवडावेत?

पुढील वाक्याचे इंग्रजी करून पाहा : 'ड्रायव्हरला झोप लागली आणि गाडी दुभाजकावर आदळली.' वर्गात हे वाक्य दिले की बऱ्याच वह्यांत 'द ड्रायव्हर स्लेप्ट' असे उत्तर येते. व्याकरण ठीक आहे, पण अर्थ घसरला आहे. 'स्लेप्ट' म्हणजे तो काही काळ झोपेत होता. अंथरूण घालून झोपलेल्या माणसालाही हेच क्रियापद लागते. जागेपणातून झोपेत जाण्याचा जो क्षण, त्यासाठी इंग्रजीत 'फेल अस्लीप' आहे. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर पहाटे जे घडते ते हेच. अपघाताचा अहवाल तुम्हाला पुढे नोकरीत लिहावा लागला, तर माणूस झोपून राहिला की झोपेने त्याला गाठले, हे या क्रियापदावरून वाचले जाईल.

गंमत म्हणजे हा भेद मराठीत आधीपासून आहे. 'मी झोपलो' यात मी कर्ता आहे. 'मला झोप लागली' आणि 'मला झोप आली' यांत कर्ता झोप आहे, मी नाही. आपण भाषांतर करताना 'झोप' या नामाकडे पाहतो आणि त्याच्या शेजारचे क्रियापद सोडून देतो. तेच आधी पाहायला हवे. झोप 'येते' तेव्हा 'आय ॲम स्लीपी' किंवा 'आय फील स्लीपी'. 'स्लीप इज कमिंग' नव्हे. झोप 'लागते' तेव्हा 'फॉल अस्लीप'. झोप 'झाली नाही' तर 'आय डिडन्ट गेट इनफ स्लीप'. बसल्या जागी पेंग आली तर 'ड्राउझी', डुलकी लागली तर 'डोझ ऑफ', आणि जेवणानंतर ठरवून वामकुक्षी घेतली तर 'नॅप'. डुलकी लागते, वामकुक्षी घेतात. 'डोझ ऑफ' आणि 'टेक अ नॅप' यांतही तोच फरक आहे.

'अस्लीप' हा शब्द नामाच्या आधी येत नाही. झोपलेले बाळ म्हणजे 'अ स्लीपिंग बेबी'. पण 'द बेबी इज अस्लीप'. गाढ झोपेला 'फास्ट अस्लीप' म्हणतात तेव्हा विद्यार्थी गोंधळतात, झोपेत वेग कुठून आला? इथे 'फास्ट' म्हणजे घट्ट, पक्के. नटबोल्टांना आपण 'फास्टनर' म्हणतो, तोच हा शब्द. आणि पायाला मुंग्या आल्या की इंग्रजीत पाय 'अस्लीप' होतो.

वसतिगृहातल्यांसाठी एक इशारा. रात्री दोनपर्यंत अभ्यास केला हे सांगायला 'आय स्लेप्ट लेट' लिहाल, तर ऐकणारा समजेल की तुम्ही सकाळी उशिरापर्यंत लोळत होतात. 'आय वेंट टू बेड लेट' किंवा 'आय स्टेड अप लेट' म्हणा. आणि जाग न आल्यामुळे परीक्षा बुडाली असेल तर 'आय ओव्हरस्लेप्ट'.

आता 'रेस्ट'. 'टेक रेस्ट' हे आपल्याकडचे रूप आहे. मी ते चूक म्हणून खोडत नाही, पण भारताबाहेर पत्र जाणार असेल तर 'गेट सम रेस्ट' बरे. विश्रामगृहाला आपण 'रेस्ट हाऊस' म्हणतो, पण अमेरिकेत 'रेस्टरूम' म्हणजे स्वच्छतागृह. तिथे आडवे व्हायला जागा विचारू नका. 'द रेस्ट ऑफ द क्लास' यातला 'रेस्ट' तर वेगळाच शब्द आहे. उरलेले या अर्थाचा तो शब्द फ्रेंचमधून आला, विश्रांतीचा 'रेस्ट' जुन्या इंग्रजीतला. दोघांचे स्पेलिंग जुळले, इतकेच.

भौतिकशास्त्रातल्या 'ॲट रेस्ट' मध्ये थकवा नाही, फक्त गती नाही. तीही कोणाच्या संदर्भात, हे सांगावे लागते. झाशीहून भुसावळकडे निघालेल्या गाडीत वरच्या बर्थवर झोपलेला प्रवासी डब्याच्या संदर्भात 'ॲट रेस्ट' आहे, फलाटाच्या संदर्भात नाही. शेजारी रात्रभर कूस बदलणारा प्रवासी 'रेस्टलेस' आहे, म्हणजे अस्वस्थ. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना 'अँगल ऑफ रिपोज' भेटतो : कोरड्या वाळूचा ढीग न घसरता ज्या जास्तीत जास्त उतारावर टिकतो, तो कोन, साधारण 30 ते 35 अंश.

यंत्रांच्या विश्रांतीत चुका जास्त महागात पडतात. 'आयडल' इंजिन बंद नसते. ते भाराशिवाय चालू असते आणि इंधन जाळते. संगणक 'स्लीप' मध्ये असतो तेव्हा तुमचे काम रॅममध्येच असते आणि तिला थोडी वीज लागत राहते. बॅटरी संपली की न साठवलेले काम जाते. 'हायबरनेट' मध्ये तेच काम डिस्कवर उतरवले जाते, म्हणून वीज गेली तरी टिकते. हा शब्द लॅटिनमधल्या हिवाळ्याच्या शब्दावरून आला; आपण त्याला शीतनिद्रा म्हणतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या डेटाशीटमधला 'क्विसंट करंट' म्हणजे सर्किटला वीज जोडलेली आहे, पण ते भाराला काही पुरवत नाही, अशा वेळी ते स्वतःसाठी घेते तो प्रवाह.

इंटर्नशिपच्या अहवालात 'द ऑपरेटर वॉज आयडल' लिहिण्याआधी मात्र थांबा. 'आयडल टाइम' ही उत्पादन अभियांत्रिकीतली निरुपद्रवी संज्ञा आहे, पण माणसाला 'आयडल' म्हटले की तो ऐतखाऊ ठरतो. माल आला नाही म्हणून तो थांबला असेल तर 'वॉज वेटिंग फॉर मटेरियल' लिहा. त्याची जेवणाची सुट्टी असेल तर 'वॉज ऑन अ ब्रेक'. पर्यवेक्षक तुमचे वाक्य वाचतो, आणि त्या कामगाराला आपली बाजू मांडायची संधी त्या कागदावर नसते.

राहिला 'शांत'. मराठीत वर्ग, पाणी, स्वभाव आणि रात्र सगळेच शांत. इंग्रजीत काय थांबले आहे ते पाहावे लागते. आवाज कमी असेल तर 'क्वाएट', अजिबात नसेल तर 'सायलेंट', हालचाल नसेल तर 'स्टिल', भांडणतंटा नसेल तर 'पीसफुल', आणि मन किंवा वारा खवळलेला नसेल तर 'काम'. वाऱ्याच्या बोफर्ट मापनात शून्य क्रमांकाला हेच नाव आहे : ताशी एक किलोमीटरपेक्षा कमी वेग. म्हणून गोंगाट करणाऱ्या वर्गाला 'बी क्वाएट' आणि घाबरलेल्या मित्राला 'स्टे काम'. चिडलेल्या वरिष्ठाला 'काम डाउन' कधीही म्हणू नका. त्याने तो आणखी भडकेल.

उच्चार करताना यातला 'एल' गाळायचा. त्यामुळे शांततेचा हा इंग्रजी शब्द आपल्या कानाला 'काम' ऐकू येतो. त्याचे मूळ ग्रीकमधल्या कडक उष्म्याच्या शब्दात सांगतात : भर दुपारी उन्हामुळे सगळे व्यवहार थांबायचे, ती वेळ. म्हणजे वामकुक्षीचीच.