प्रमाणपत्र कुणासाठी? मतदानयंत्रं आणि कार्ल्सरूहचा निकाल

मतदानयंत्र वापरण्याआधी त्याची तपासणी होते आणि ते योग्य असल्याचं प्रमाणपत्र दिलं जातं. या प्रमाणपत्राला नागरिकांनी कोर्टात आव्हान दिलं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण 'प्रमाणपत्र' या शब्दाच्या पोटात आमचं 'प्रमाण' बसलेलं आहे, तेवढ्या नात्यानं हा विषय घेतो.

प्रमाण म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याचं साधन. नैयायिक अशी चार साधनं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आता प्रमाणपत्र यांपैकी काय? तर शब्द. मी स्वतः पाहिलेलं नाही. ज्यानं पाहिलं त्यानं लिहून दिलं आणि मी ते मानलं. असा सांगणारा 'आप्त' असावा लागतो. इथं आप्त म्हणजे सोयरा नव्हे हं. (हशा) ज्याला विषय कळतो आणि जो खोटं बोलत नाही तो आप्त. शब्दप्रमाणात कमीपणा काहीच नाही. लिफ्टमध्ये पाय ठेवताना आपण दोरखंड तपासत नाही, औषधाची गोळी गिळण्यापूर्वी प्रयोगशाळेत नेत नाही. सगळंच स्वतः पाहायचं म्हटलं तर माणसाला घराबाहेर पडणं मुश्कील होईल.

मग मतदानयंत्राचं वेगळं काय? किराणा दुकानातला वजनकाटा घ्या. त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. शिक्का बघून आपण तांदूळ घेतो. पण शंका आली तर? पिशवी उचलायची, शेजारच्या दुकानात जाऊन पुन्हा वजन करायचं. शिक्का शब्द झाला, दुसऱ्या काट्यावरचं वजन प्रत्यक्ष झालं. शब्दावर आपण विसंबतो, कारण मागं प्रत्यक्षाची वाट उघडी असते. मताचं तसं नाही. मत गुप्त असतं, आणि गुप्त असायलाच हवं, नाहीतर सावकार आणि पुढारी दारात उभे राहतील. एकदा टाकलं की ते माझं म्हणून ओळखता येत नाही. ते पिशवीत घालून दुसऱ्या काट्याकडे नेता येत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता जर्मनीत चला. १८ सप्टेंबर २००५ रोजी तिथं संसदेची, म्हणजे बुंडेस्टागची, निवडणूक झाली. पाच राज्यांत मिळून सुमारे वीस लाख लोकांनी नेडॅप या डच कंपनीच्या यंत्रांवर मतं दिली. बटण दाबायचं, मत यंत्राच्या स्मृतीत साठायचं, संध्याकाळी यंत्रानं बेरीज छापून द्यायची. मताचा वेगळा कागद नाही. फेरमोजणी मागितली तर पुन्हा त्याच यंत्राला विचारायचं, आणि ते पुन्हा तेच सांगणार. एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी म्हणून त्याला त्याचीच साक्ष परत वाचून दाखवायला सांगावं, तशातली गत.

या यंत्रांना रीतसर मान्यता होती. तपासणी केली होती ब्राउन्श्वाइगच्या राष्ट्रीय मापनसंस्थेनं, आणि त्या अहवालावर केंद्रीय गृहमंत्रालयानं मंजुरी दिली होती. मापनसंस्था म्हणजे देशाची वजनं-मापं सांभाळणारी संस्था! मघाचा काट्याचा दाखला मी उगाच दिला नाही. संस्था नावाजलेली, तिला आप्त म्हणायला कुणाची हरकत नसावी. पण तपासणीची पद्धत बघा. संस्थेनं तपासला तो त्या प्रकारच्या यंत्राचा नमुना. बाकीची यंत्रं त्या नमुन्यासारखीच बांधलेली आहेत, हे कंपनीनं स्वतः लिहून द्यायचं. म्हणजे मतदारापुढे ठेवलेलं यंत्र संस्थेनं पाहिलेलं असेलच असं नाही. शब्दावर शब्द आणि त्यावर आणखी एक शब्द, अशी ही उतरंड आहे. तळाशी कुठंतरी प्रत्यक्ष आहे खरं, पण ते मतदाराच्या वाट्याचं नाही.

या मान्यतेला आव्हान दिलं दोन मतदारांनी: राज्यशास्त्राचे अभ्यासक योआखिम व्हीझ्नर आणि त्यांचा भौतिकशास्त्र शिकलेला मुलगा उलरिख. तिथं निवडणुकीवरचा आक्षेप आधी संसदेपुढेच न्यावा लागतो. संसदेनं तो फेटाळला. मग बापलेक कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेले.

दरम्यान शेजारच्या हॉलंडमध्ये एक मजा झाली. ऑक्टोबर २००६ मध्ये तिथल्या संगणकवाल्या कार्यकर्त्यांनी दूरदर्शनवर दाखवून दिलं की नेडॅपच्या यंत्रातली चिप काही मिनिटांत बदलता येते आणि मग यंत्र हवी तशी बेरीज देतं. त्यांनी त्या यंत्रावर बुद्धिबळाचा प्रोग्रामही चालवून दाखवला. मतं मोजणारी पेटी बुद्धिबळ खेळू शकते, तर ती मोजणीचा यंत्र नसून संगणक आहे, आणि संगणकाला जे शिकवाल ते तो करतो. हे एक उदाहरण हजार परिपत्रकांपेक्षा लोकांना जास्त कळलं.

कार्ल्सरूहचा निकाल आला ३ मार्च २००९ रोजी. मला तो ज्ञानशास्त्राचा धडा म्हणून वाचावासा वाटतो. न्यायालय असं म्हणालं नाही की यंत्रं बिघडलेली होती. मतांत गडबड झाल्याचा पुरावा नाही, असंच म्हणालं, आणि म्हणून २००५ची निवडणूक कायम ठेवली. संसद मोडली नाही. पण जी नियमावली या यंत्रांना मान्यता देत होती ती घटनाबाह्य ठरवली, आणि ही यंत्रं वापरणं चूक होतं असं सांगितलं. गंमत पाहा, चोरी सिद्ध झाली नाही, तरी कुलूप चुकीचं ठरलं.

का? न्यायालयाचं सूत्र माझ्या शब्दांत सांगतो. निवडणूक ही सार्वजनिक गोष्ट आहे. मत देणं आणि निकाल काढणं यांतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, कुठलंही खास तांत्रिक ज्ञान नसताना, खात्रीनं पडताळता आले पाहिजेत. 'सामान्य नागरिकाला' या शब्दांवर सगळा भर आहे. तज्ज्ञांनी आधी कितीही तपासलं, मोहरा लावल्या, यंत्रं कुलपात ठेवली, तरी त्या साऱ्यानं नागरिकाच्या या पडताळणीची जागा भरून निघत नाही. आमच्या भाषेत, इथं शब्द हा प्रत्यक्षाचा बदली उमेदवार होऊ शकत नाही. प्रमाणपत्र 'यंत्र चांगलं आहे का?' या प्रश्नाचं उत्तर होतं. न्यायालयानं विचारलं, 'चांगलं आहे हे हरलेल्या माणसाला कसं कळणार?'

हरलेल्याला हो! जिंकलेल्याला निकाल नेहमीच पटतो. निवडणुकीचा निकाल पटवायचा असतो हरलेल्याला.

(श्रोत्यांतून प्रश्न: पण सर, कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा आपल्याकडे बूथच्या बूथ ताब्यात घ्यायचे. ते बरं होतं का?)

अजिबात बरं नव्हतं. भारतीय यंत्र मिनिटाला चार-पाचच मतं घेतं. त्यामुळे तासाभरात पेटी भरून पळणाऱ्यांची पंचाईत झाली, हे श्रेय यंत्राला दिलंच पाहिजे. पण तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट दडली आहे. बूथ ताब्यात घेतलेलं तुम्हाला माहीत आहे! अख्ख्या गावानं पाहिलेलं असतं. कार्ल्सरूहनं हाच फरक सांगितला: कागदावर मोठी लबाडी करायला पुष्कळ माणसं लागतात आणि पकडलं जाण्याचा धोका मोठा, उलट प्रोग्राममधली एकच चूक किंवा एकच लबाडी कितीतरी केंद्रांवर एकदम पसरू शकते आणि कुणाला दिसत नाही. दिसणारी लबाडी जास्त चीड आणते. न दिसणारीची शंका मात्र कधी फिटत नाही, ती झाली नसली तरी.

भारतात या वादाची सुरुवात वेगळ्याच टोकानं झाली. १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ८४ पैकी ५० केंद्रांवर यंत्रं लावली. कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै मतदानापूर्वीच यंत्रांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. काही उपयोग झाला नाही. मग तेच १२३ मतांनी निवडून आले! त्याबरोबर यंत्राला विरोध करण्याची पाळी काँग्रेसच्या ए. सी. जोस यांच्यावर आली. (हशा) तत्त्वं अशी बाजू बदलतात, त्याचं मला आता आश्चर्य वाटत नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या ५० केंद्रांवरचं मतदान रद्द केलं. यंत्र खरं की खोटं यावर तो निकाल उभा नव्हता. कायद्यात आणि नियमांत मतपत्रिका लिहिली होती, यंत्राला आधार नव्हता, आणि निवडणूक आयोगाला स्वतःच्या अधिकारात कायद्याला वळसा घालता येत नाही, एवढंच. फेरमतदानानंतर जोस निवडून आले. पुढं संसदेनं कायद्यात कलम ६१क घातलं आणि यंत्राला कायद्याचा आधार मिळाला.

ज्ञानाचा प्रश्न आपल्याकडे पोचला तो २०१३ मध्ये. सुब्रमण्यम स्वामींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कागदी पुरावा ही मोकळ्या निवडणुकीची अनिवार्य गरज आहे. तिथून व्हीव्हीपॅट आलं: काचेमागं सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पेटीत पडते. नेडॅपच्या यंत्रात हे नव्हतं, म्हणून कार्ल्सरूहचा निकाल जसाच्या तसा उचलून आपल्यावर लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्याकडे प्रत्यक्षाची एक खिडकी उघडली आहे, अक्षरशः खिडकी.

पण चिठ्ठी दिसणं वेगळं आणि मोजली जाणं वेगळं. २०१९ मध्ये न्यायालयानं दर विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडायला सांगितलं. त्याआधी एकाच केंद्राच्या ताडत. सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली गेली. मतपत्रिकेकडे परत जाण्याचीही. त्या निकालानं एक नवी वाट मात्र ठेवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं निकालापासून सात दिवसांत लेखी मागणी केली, तर क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांची मायक्रोकंट्रोलरमधली स्मृती तपासायची. खर्च उमेदवाराचा, यंत्रात फेरफार सापडला तर तो परत.

हरलेल्यासाठी दार ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पण तपासणार कोण? यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच इंजिनिअर. म्हणजे हरलेल्याला पुन्हा शब्दच मिळाला, आणि तोही ज्याचं यंत्र त्याचाच. ते इंजिनिअर प्रामाणिक असतील, असणारच. मी त्यांच्या नीतीविषयी बोलत नाही. न्यायशास्त्रात आप्ताला ज्ञान हवं आणि सचोटी हवी. लोकशाहीत त्याला तिसरी अट लागते, असं माझं मत आहे: ज्याला शंका आहे त्यालाही तो आप्त वाटला पाहिजे. चिठ्ठ्यांच्या मोजणीत ही अट आपोआप भागते, कारण तिथं दोन्ही बाजूंचे काउंटिंग एजंट एकाच टेबलाशी बसतात आणि दोघांनाही शंभरपर्यंत आकडे येतात.

जर्मनीत सप्टेंबर २००९ची निवडणूक कागदावर झाली आणि तेव्हापासून तिथं कागदच आहे. न्यायालयानं यंत्रावर कायमची बंदी घातली नव्हती. मताची नोंद स्मृतीखेरीज दुसरीकडेही ठेवून ती नागरिकाला ताडता येत असेल तर यंत्र चालेल, असा मार्ग मोकळा ठेवला होता. त्या मार्गानं अजून कुणी गेलेलं नाही. मतदान संपलं की केंद्रातच टेबलावर मतपत्रिका ओततात आणि मोजतात. दार उघडं असतं. कुणीही आत जाऊन उभं राहून बघू शकतं.